हरिकेन आलं की फ्लॅटबेडचे भाव वाढतात, पण कुठे आणि कधी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या आतेभावाच्या अमेरिकेत डॅलसला तीन फ्लॅटबेड, म्हणजे उघड्या सपाट ट्रेलरच्या, गाड्या आहेत आणि त्यांचं डिस्पॅच, म्हणजे गाड्यांना माल शोधून लावणं, तुम्ही पुण्यात बसून रात्रपाळीत सांभाळता. मेक्सिकोच्या आखातात हरिकेन तयार झालं की लोडबोर्डवर, म्हणजे गाडी हवी असलेला माल जिथे ऑनलाइन टाकतात तिथे, फ्लोरिडा आणि लुइझियानाचे आकडे चढलेले दिसतात. ड्रायव्हर म्हणतात चला, भाऊ म्हणतो थांब, आणि निर्णय तुमच्या गळ्यात येतो. गाड्या तिकडे घालाव्यात का, भाव किती दिवस चढे राहतात, आणि त्यात फ्लॅटबेडच्या वाट्याला नेमकं काय येतं, हे तुम्ही विचारलंय.

मी ह्यूस्टनला राहतो. आधी फ्लॅटबेडचं डिस्पॅच केलं, आता ब्रोकरेजमध्ये, म्हणजे मालवाला आणि गाडीवाला यांच्यातल्या दलालीत आहे, त्यामुळे हा बाजार दोन्ही बाजूंनी पाहिलाय. माझं मत आधीच सांगतो. हरिकेनच्या आठवड्यात जो भाव दिसतो तो बहुतेक वेळा फ्लॅटबेडवाल्याच्या हाती लागत नाही. फ्लॅटबेडचा पैसा पाणी ओसरल्यावर सुरू होतो आणि तोही बऱ्याचदा वादळाच्या गावापासून तीनचारशे मैल लांब, जिथून माल भरला जातो तिथे.

आधी माल कोणता ते बघा. वादळानंतरच्या पहिल्या आठवड्यात लोकांना लागतं ते पाणी, अन्न, बर्फ, औषधं, डायपर. हे सगळं बंद डब्याच्या गाडीतून नाहीतर रीफरमधून, म्हणजे थंड डब्याच्या गाडीतून जातं. फेमाची (अमेरिकी सरकारची आपत्ती-मदत संस्था) आणि मोठ्या दुकानांची पहिली मागणी याच गाड्यांना असते आणि बातम्यांत जे भाव ऐकू येतात तेही मुख्यतः यांचेच. फ्लॅटबेडवर त्या आठवड्यात चढणारा माल मोजका आहे: जनरेटर, पाण्याचे पंप, प्रकाशाचे टॉवर, विजेचे खांब, ट्रान्सफॉर्मर, तारेची रिळं, वीज दुरुस्तीचे बकेट ट्रक चिखलात रुतू नयेत म्हणून अंथरायचे लाकडी मॅट, बॉबकॅटसारखे छोटे लोडर आणि एक्स्कॅव्हेटर. या मालाला भाव उत्तम मिळतो, पण तो सगळ्यांसाठी पुरेल इतका नसतो. त्यातला मोठा भाग वीज कंपन्यांच्या आणि भाड्याने यंत्रं देणाऱ्यांच्या ठरलेल्या गाड्या घेऊन जातात. लोडबोर्डवर येतं ते त्यांच्या हातून उरलेलं.

त्याच आठवड्यात फ्लॅटबेडचं रोजचं काम मात्र बंद पडतं, आणि हे नवीन डिस्पॅचरच्या लक्षात येत नाही. बांधकामं थांबतात, बंदरं बंद होतात, पोलाद उतरत नाही, पाइपच्या यार्डांना कुलूप लागतं. २०१७ चं हार्वे हे याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. २५ ऑगस्टला ते रॉकपोर्टजवळ किनाऱ्याला लागलं आणि मग पुढे सरकायचं नावच घेईना. नेदरलँड गावाच्या आसपास ६० इंचांहून जास्त पाऊस पडला. ह्यूस्टन हे फ्लॅटबेडच्या धंद्याचं मोठं माहेर आहे. तेलक्षेत्राचे पाइप, आयात पोलाद, यंत्रसामग्री सगळं इथून निघतं. आय-१० आणि आय-४५ हे महामार्ग पाण्याखाली, बंदर बंद, बोमाँटकडे जायचा रस्ता तुटलेला. त्या आठवड्यात ह्यूस्टनच्या फ्लॅटबेडवाल्यांना भाव वाढून उपयोग काय, भरायला मालच नव्हता. ज्यांच्या गाड्या डॅलस, बर्मिंगहॅम, मेम्फिसला होत्या त्यांचा बाजार मात्र हळूहळू तापायला लागला, कारण ह्यूस्टनच्या गाड्या अडकून पडल्या होत्या आणि बाकीच्यांना मदतीचा माल ओढून नेत होता.

भाव का चढतो याची उकल इथे आहे. वादळात माल वाढतो हे अर्धंच सत्य आहे. त्या काही दिवसांत मोकळ्या गाड्या कमी होतात, हे उरलेलं अर्धं, आणि माझ्या अनुभवात तेच जास्त वजनदार. एक गाडी वादळाच्या भागात गेली की ती दोन दिवसांत परत येत नाही. रस्ते वळवलेले असतात, डिझेलसाठी रांग असते, माल उतरवायला माणूस नसतो. ज्या खेपेला एरवी दोन दिवस लागतात तिला पाच लागले, तर त्या मार्गावर तेवढ्याच मालासाठी अडीचपट गाड्या लागतात. मग जॉर्जियातला लाकडाच्या गिरणीवाला, ज्याचा वादळाशी संबंध नाही, त्याला सोमवारी गाडी मिळत नाही. तो भाव वाढवतो. ही वाढ शांतपणे येते, तिची बातमी होत नाही, आणि गाडी कोरड्या रस्त्यावरून धावते. तुमच्यासारख्या तीन गाड्यांच्या धंद्याला मी हीच वाढ धरायला सांगेन.

हार्वेनंतर सुमारे दोन आठवड्यांनी, १० सप्टेंबरला, इर्मा फ्लोरिडाला धडकलं आणि २० सप्टेंबरला मारिया पोर्तो रिकोला. मारिया बेटावर झालं, तिथे ट्रक जाऊ शकत नाही, म्हणून अनेकांनी ते सोडून दिलं. पण पोर्तो रिकोचा बहुतांश माल फ्लोरिडाच्या जॅक्सनव्हिल बंदरातून बार्जवर चढतो. बेटाची वीजव्यवस्थाच कोलमडली होती, त्यामुळे खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर मुख्य भूमीवरून जॅक्सनव्हिलकडे पुढचे कित्येक महिने जात राहिले. वादळ बेटाला लागलं असेल तर नकाशात बेट बघू नका, त्या बेटाचा माल कुठल्या बंदरातून चढतो ते बघा.

मग २०१८ आलं आणि फ्लॅटबेडचे भाव तोपर्यंत कधी नव्हे इतके वर गेले. तेव्हापासून आमच्या धंद्यात एक समज घट्ट बसलाय की मोठं वादळ म्हणजे पुढचं वर्ष सोन्याचं. हा समज मला धोक्याचा वाटतो. २०१८ च्या तेजीत हार्वे आणि इर्माच्या पुनर्बांधणीचा वाटा होताच, पण त्याच वेळी पश्चिम टेक्सासच्या पर्मियन खोऱ्यात तेलाचं काम जोरात होतं, कारखाने भरभरून चालत होते, आणि १८ डिसेंबर २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक लॉग (ड्रायव्हरच्या गाडी चालवण्याच्या तासांची नोंद) सक्तीचे झाले होते, त्यामुळे कागदी लॉगवर ताणून चालवल्या जाणाऱ्या तासांना चाप बसला. बाजार आधीच घट्ट होता, वादळांनी तो आणखी आवळला.

याच्या उलट २०२४ घ्या. २६ सप्टेंबरच्या रात्री हेलीन फ्लोरिडात पेरी गावाजवळ लागलं आणि खरा विध्वंस केला तो किनाऱ्यापासून शेकडो मैल आत, पश्चिम नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात. पिजन नदीच्या घळीत आय-४० चा रस्ता वाहून गेला, टेनेसीत अर्विनजवळ आय-२६ चे पूल गेले. ९ ऑक्टोबरला मिल्टन सिएस्टा कीवर आदळलं. मधल्या काळात, १ ते ३ ऑक्टोबर, पूर्व आणि आखाती किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांचा संपही होऊन गेला. इतकं सगळं एका पंधरवड्यात. तरीही देशभरातली मालवाहतुकीची मंदी त्याने मोडली नाही. आग्नेय भागात काही आठवडे भाव हलले आणि मग खाली बसले. कारण साधं होतं: बाजारात रिकाम्या गाड्या भरपूर होत्या, दोन वादळांनी ओढल्या तरी उरल्या. म्हणून हरिकेनची बातमी आली की मी वादळाची श्रेणी बघण्याआधी मागच्या महिन्यात माझ्या मार्गांवर गाडी मिळायला किती वेळ लागत होता ते बघतो. एका फोनवर गाडी मिळत असेल तर वादळाने चढलेला भाव फार दिवस टिकणार नाही. चार ब्रोकर एका गाडीमागे असतील तर तो महिनोन् महिने टिकू शकतो.

हेलीनने आणखी एक गोष्ट दाखवली. आय-४० चा तो तुकडा १ मार्च २०२५ ला उघडला, तोही दोन्ही दिशांना एकेकच लेन. तिथे साध्या ट्रकना परवानगी होती, रुंद मालाला नव्हती. म्हणजे नॉर्थ कॅरोलायना आणि टेनेसीमध्ये ये-जा करणाऱ्या फ्लॅटबेडला, विशेषतः रुंद यंत्र घेऊन जाणाऱ्याला, त्यानंतरही लांबून वळसा होता. हे वाढीव मैल भावात धरले नाहीत तर लोडबोर्डवरचा प्रतिमैल आकडा फसवा ठरतो, कारण ब्रोकर नेहमीच्या रस्त्याचे मैल मोजतो आणि गाडी वळशाचे मैल चालते. बोलतानाच विचारा, हे मैल कुठल्या रस्त्याने धरलेत.

आता फ्लोरिडाचा हिशोब, कारण सगळ्यात जास्त गाड्या तिथेच फसतात. फ्लोरिडा खाणारं राज्य आहे. माल आत भरपूर जातो, बाहेर कमी येतो, आणि फ्लॅटबेडसाठी द्वीपकल्पाच्या दक्षिण भागातून तर फारच कमी. वादळ नसतानाही आत जायचा भाव चढा आणि बाहेर यायचा पडेल असतो. वादळात ही दरी आणखी रुंदावते. समजा अटलांटाहून फोर्ट मायर्सला, सुमारे ५८० मैल, प्रतिमैल साडेचार डॉलरने लोड मिळालं. २,६१० डॉलर, ऐकायला छान. माल उतरवल्यावर तिथे भरायला काही नाही, म्हणून गाडी रिकामी उत्तरेला व्हॅल्डोस्टापर्यंत आली, साधारण ३५० मैल. आता तेच २,६१० डॉलर ९३० मैलांवर वाटा. प्रतिमैल २ डॉलर ८१ सेंट. उतरवायला दोन दिवस खोटी झाली, म्हणजे गाडी नुसती थांबून राहिली असेल तर त्या दोन दिवसांचा गाडीचा हप्ता, विमा, ड्रायव्हरचा पगार यातूनच. अमेरिकन ट्रान्सपोर्टेशन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या हिशोबाने ट्रक चालवायचा खर्च २०२४ मध्ये प्रतिमैल सुमारे सव्वादोन डॉलर होता. उरलं काय ते तुम्हीच बघा. त्याच वेळी दक्षिण जॉर्जियातून तीन डॉलरने लाकूड भरून वर गेलेली आणि साठ-सत्तर रिकाम्या मैलांत पुढचं लोड उचललेली गाडी तेवढ्याच दिवसांत दोन खेपा करते. म्हणून मी प्रतिमैल भाव सोडून प्रतिदिवस हिशोब करतो: गाडी निघाली तेव्हापासून पुढचं लोड भरेपर्यंत किती दिवस, आणि त्यात हातात किती आले.

पुण्यातून लोडबोर्ड बघताना अजून एक सांभाळा. वादळाच्या आठवड्यात एकच लोड पाच ब्रोकर टाकतात, कारण मूळ कंत्राटदाराने पाच जणांना सांगितलेलं असतं. बोर्डवर पन्नास लोड दिसतात तेव्हा खरी किती ते फोन केल्याशिवाय कळत नाही. वजन, उचलायचं ठिकाण आणि मालाचं वर्णन जुळलं की समजा तोच माल आहे. आणि बोर्ड जो सरासरी भाव दाखवतं तो मागच्या काही दिवसांचा असतो. बाजार चढताना तो कमी दाखवतो आणि उतरताना जास्त. चढत्या बाजारात त्या सरासरीवर सौदा केलात तर पैसे सोडले, उतरत्या बाजारात तिच्यावर अडून बसलात तर गाडी उभी राहिली.

नॅशनल हरिकेन सेंटरची पत्रकं वाचायची सवय लावा. ती दर सहा तासांनी येतात, फ्लोरिडाच्या वेळेनुसार पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११. उन्हाळी वेळेत तुमच्याकडे दुपारचे अडीच, रात्रीचे साडेआठ, मध्यरात्रीनंतरचे अडीच आणि सकाळचे साडेआठ. किनाऱ्यासाठी इशारा लागू असेल तर मध्ये दर तीन तासांनीही येतं. त्यातल्या नकाशावरचा तो पांढरा शंकू वादळाचा मध्य कुठून जाऊ शकतो एवढंच सांगतो, तोही साधारण तीनातल्या दोन वेळा. नुकसान शंकूच्या बाहेरही होतं. हेलीनमध्ये ॲशव्हिलला झालं ते वाऱ्याने कमी आणि पावसाने, पुराने जास्त. डिस्पॅचरने पावसाचा अंदाज वाऱ्याच्या वेगाइतकाच गांभीर्याने वाचायला हवा, कारण वारा एका दिवसात जातो, नद्या नंतर चढतात. २०२२ मध्ये इयन २८ सप्टेंबरला कायो कोस्टाला लागलं, लोकांना वाटलं झालं, आणि नंतर मायाका नदी चढून आय-७५ बंद करावा लागला. वादळ गेलं म्हणून निघालेल्या गाड्या त्या बंद रस्त्यापाशी उभ्या राहिल्या.

वादळापूर्वीच्या दिवसांबद्दल फार लिहित नाही. प्लायवूड, वाळू, जनरेटर यांची दोनतीन दिवस गर्दी असते. होम डेपो आणि लोजसारखी घरबांधणी सामानाची दुकानं माल आधीच पुढे आणून ठेवतात, त्यामुळे आयत्या वेळी बोर्डवर येणारं काम थोडं असतं. त्यात गाडी घातलीच तर बाहेर पडायचा दिवस आधी ठरवा. रिकामं फ्लॅटबेड डब्याइतकं वारा धरत नाही हे खरं, पण टॅम्पा खाडीवरचा सनशाइन स्कायवे वारा ताशी ४० मैलांवर स्थिरावला की बंद करतात, आणि पूल बंद झाला की गाडी कुठलीही असो, अडकली. शिवाय ड्रायव्हरचं घर त्याच भागात असेल तर त्याला त्या आठवड्यात कामाला लावू नका. ज्याची बायकापोरं घर सोडून चाललीत त्याचं लक्ष रस्त्यावर नसतं.

आता कागदाकडे येतो, कारण वादळातल्या लोडमध्ये नफा-तोटा तिथेच ठरतो.

इडाच्या वेळी, २०२१ मध्ये, लुइझियानात वीजकंपनी एन्टर्जीचे ३० हजारांहून जास्त खांब गेले आणि न्यू ऑर्लीन्सला वीज पुरवणाऱ्या आठही पारेषण वाहिन्या बंद पडल्या. आमच्या ओळखीच्या एका गाडीवर तेव्हा जनरेटर होता. पत्ता निघाला एका बंद मॉलच्या पार्किंगचा. ड्रायव्हरने फोटो पाठवला: दोन रांगांत उभ्या गाड्या, कोणावर जनरेटर, कोणावर मॅटचे ढीग, एका तंबूत क्लिपबोर्ड घेतलेली बाई, आणि उतरवायला क्रेन नाही. ती बाई प्रत्येकाचा लोड नंबर लिहून घेत होती आणि सांगत होती, फोन येईपर्यंत इथेच थांबा. मोबाइलला रेंज येत-जात होती. शौचालय एक. ड्रायव्हर तिथे दिवसच्या दिवस बसून राहिला. त्याच्या कागदावर दिवसाच्या खोटीचा ठरलेला आकडा लिहिलेला होता, म्हणून त्याची ती खेप चांगली गेली. त्याच्या शेजारच्या गाडीकडे साधं रेट कन्फर्मेशन (ब्रोकरने भाव लिहून दिलेला कागद) होतं, ज्यात दोन तास फुकट आणि पुढे तासाला काहीतरी, तेही ‘मंजुरी मिळाल्यास’. माल तोच, जागा तीच, थांबणं तेवढंच.

हे नवीन नाही. कतरिनानंतर २००५ मध्ये बर्फ भरलेले ट्रक एका तळावरून दुसऱ्या तळावर फिरत राहिले आणि त्यातले काही शेवटी मेन राज्यापर्यंत पाठवले गेले. मदतकार्यात गाडी ही बऱ्याचदा चाकावरचं गोदाम होते. म्हणून वादळाच्या भागातलं लोड घेताना मी प्रतिमैल भावावर कमी आणि या गोष्टींवर जास्त बोलतो: दुसऱ्या दिवसापासून दिवसाला किती, शनिवार-रविवार धरून, पत्ता बदलला तर वाढीव मैलांचे किती, गाडी पोहोचल्यावर लोड रद्द झालं तर किती, उतरवायला क्रेन किंवा फोर्कलिफ्ट कोण आणणार, आणि पोहोच पावतीवर सही करणारा माणूस कोण, त्याचा नंबर काय. हे सगळं लेखी. फोनवर ‘हो हो, बघून घेऊ’ म्हणणारा ब्रोकर महिन्याभराने ओळख देत नाही.

पैसे कोण देणार हेही विचारा. सरकारी मदतीच्या कामात सरकार, मुख्य कंत्राटदार, उपकंत्राटदार, ब्रोकर आणि कधीकधी आणखी एक ब्रोकर अशी साखळी असते. जितकी साखळी लांब तितका पैसा उशिरा, आणि एक कडी तुटली की शेवटचा, म्हणजे गाडीवाला, लटकतो. फॅक्टरिंग कंपनी (बिलाचे पैसे आगाऊ देऊन नंतर ब्रोकरकडून वसूल करणारी) वापरत असाल तर लोड घेण्याआधी त्यांच्याकडून त्या ब्रोकरची पत तपासून घ्या. वादळाच्या गर्दीत कालच उगवलेले ब्रोकर आणि दुसऱ्याच्या नावावर लोड विकणारे भामटे खूप असतात. भाव बाजारापेक्षा फारच वर असेल आणि समोरचा घाई करत असेल तर सोडून द्या, कितीही मोह झाला तरी.

आणि विमा. लहान गाडीवाल्यांचा मालाचा विमा बहुधा एक लाख डॉलरचा असतो. मोठ्या जनरेटरची किंमत सहज त्याच्या दुप्पट-तिप्पट असते. त्या एका खेपेपुरतं संरक्षण वाढवून मिळतं, पण त्यासाठी विमा एजंटला आधी फोन करावा लागतो आणि वादळाच्या दिवशी तो फोन उचलत नाही.

तासांच्या सवलतीबद्दल ड्रायव्हर तुम्हाला सांगतील की इमर्जन्सी लागली, आता लॉगचं बंधन नाही. हे अर्धवट ऐकून ठेवलेलं असतं. सवलत फक्त थेट मदतकार्याच्या मालाला आहे. त्याच राज्यात नेहमीचं लाकूड दुकानात टाकायला जाणाऱ्या गाडीला ती लागू नाही, आणि पुढच्या महिन्यांतल्या पुनर्बांधणीच्या मालालाही नाही. १२ डिसेंबर २०२३ पासून नियम आणखी आवळला: राष्ट्राध्यक्षांनी आणीबाणी जाहीर केली तर सवलत आपोआप ३० दिवस, राज्यपालांनी केली तर १४ दिवस, आणि राज्यपालांच्या घोषणेत ती मुख्यतः गाडी चालवायच्या तासांपुरतीच. वजन, उंची-रुंदी, परवाना, विमा, दारू आणि ड्रगची चाचणी यातून त्याने सुटका होत नाही. जादा वजनाची किंवा रुंदीची सूट राज्य वेगळी देतं आणि ती राज्याच्या सीमेवर संपते. गाडीत त्या घोषणेची प्रत ठेवा. थकलेल्या ड्रायव्हरला मात्र कुठल्याही कागदाने जागं ठेवता येत नाही. तास कायद्याने मोकळे असले तरी तुम्ही ते मोकळे धरू नका.

भाव मागण्याबद्दलही स्पष्ट बोलतो. फ्लोरिडा, टेक्सास अशा राज्यांत आणीबाणी जाहीर झाली की नफेखोरीविरोधी कायदे लागू होतात. धोका, रिकामे मैल, खोटी यांचे पैसे मागायला हरकत नाही, ते मागायलाच हवेत. पण ज्या गावात लोक छपराविना बसलेत तिथे ताडपत्र्या अडवून ऐनवेळी भाव दुप्पट करणं मला पटत नाही, आणि असं करणाऱ्याला त्या भागातला माणूस पुढची दहा वर्षं काम देत नाही. फुकटात खेप द्यायची इच्छा असेल तर अमेरिकन लॉजिस्टिक्स एड नेटवर्क ही संस्था कतरिनानंतर याच कामासाठी उभी राहिली, दान केलेली वाहतूक खऱ्या गरजेशी जोडून देते. त्यांच्यामार्फत द्या. परस्पर नेलेला माल कित्येकदा उतरवायलाच कोणी नसतं.

आता फ्लॅटबेडचा खरा हंगाम. तो टप्प्याटप्प्याने येतो आणि त्याचा वेग विम्याचे चेक, बांधकामाचे परवाने आणि कारागिरांची संख्या ठरवते. पहिले काही आठवडे ढिगारा हलवायची यंत्रं आत जातात. मग छपराचा माल, शिंगल्स (छपरावरच्या पातळ चकत्या) आणि पत्रे. पुरात भिजलेली घरं आतून उघडून वाळवावी लागतात, म्हणून ड्रायवॉलची, म्हणजे आतल्या भिंतींच्या जिप्सम बोर्डांची, मागणी छपरानंतर येते, आणि आली की लाट येते, कारण हजारो घरं एकाच सुमारास त्या टप्प्यावर पोहोचतात. त्यानंतर चौकटीचं लाकूड, छपराच्या कैच्या (ट्रस), सळया, खिडक्या. सरकारी कामं, पूल, शाळा, वीजवाहिन्या वर्ष-दीड वर्ष चालतात. हार्वेसारख्या पुराच्या वादळात ड्रायवॉल जास्त, २०१८ च्या मायकलसारख्या वाऱ्याच्या वादळात छप्पर आणि खांब जास्त. वादळ कुठल्या प्रकारचं होतं हे बघून पुढच्या तीन महिन्यांत कुठला माल निघेल याचा अंदाज येतो आणि त्या कारखान्यांच्या आसपास गाड्या ठेवता येतात. दाबाखाली मुरवलेले पाइनचे खांब जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपीतून निघतात. ४० फुटी खांब ४८ फुटी ट्रेलरवर बसतो, पण माल ट्रेलरच्या मागे ४ फुटांपेक्षा जास्त बाहेर आला की झेंडे लावावे लागतात, आणि फार लांब असेल तर परवाना आणि वेगळा ट्रेलर.

ड्रायवॉलच्या बाबतीत एक सांगतो, कारण यात नवखा ड्रायव्हर पैसे गमावतो. ह्या मालाला पाणी चालत नाही आणि वादळाच्या भागात पुढचे आठवडे रोज दुपारी पाऊस असतो. नीट माहिती असलेला ड्रायव्हर आधी पट्ट्याखाली कोपऱ्यांना संरक्षक लावतो, नाहीतर चार इंची पट्टा ताणला की बोर्डाची कड चुरते. मग ताडपत्री अशी ओढतो की पुढची मागचीच्या वर येते, म्हणजे धावताना वारा आणि पाणी सांध्यात शिरत नाही. ताडपत्रीला एक बोटभर जरी भोक असलं तरी वरच्या थप्पीत डाग पडतो, आणि माल घेणारा तो डाग बघून पूर्ण थप्पी नाकारतो. वादळाच्या हंगामाआधी ताडपत्र्या उन्हात पसरून, खालून आकाशाकडे बघत भोकं शोधा आणि ठिगळं लावून घ्या. ताडपत्रीचे पैसे वेगळे मागा, मिळतात.

डिझेलचंही ध्यानात असू द्या. हार्वेत देशाच्या तेलशुद्धीकरण क्षमतेपैकी साधारण चौथा हिस्सा बंद पडला आणि डिझेलची देशभरातली सरासरी दोनेक आठवड्यांत गॅलनला २ डॉलर ६० सेंटच्या आसपासून २ डॉलर ८० सेंटवर गेली. लांबच्या लोडचा भाव सोमवारी ठरवून गाडी शुक्रवारी भरत असाल तर हा फरक तुमच्या खिशातून जातो.

तुमच्या तीन गाड्यांचं मी काय करेन? दोन गाड्या वादळाच्या भागात पाठवणारच नाही. डॅलसहून पूर्वेकडे, बर्मिंगहॅमचं पोलाद, जॉर्जिया-अलाबामाचं लाकूड या मार्गावर त्या फिरत ठेवेन आणि वादळानंतरच्या दुसऱ्या आठवड्यापासून ओळखीच्या शिपरना, म्हणजे माल पाठवणाऱ्यांना, रोज फोन करेन, कारण तेव्हा त्यांच्या नेहमीच्या गाड्या दक्षिणेत अडकलेल्या असतात. अशा वेळी वेळेवर गेलेली गाडी ते वर्षभर लक्षात ठेवतात. तिसरी, ज्या ड्रायव्हरला त्या भागाची माहिती आहे आणि जो स्वतःहून तयार आहे त्याची, फक्त दिवसाच्या दराने आणि लेखी अटींवर आत पाठवेन. सोबत अन्न, पाणी, टायर, दोन दिवसांचं डिझेल आणि परतायचा ठरलेला दिवस. विमा एजंटशी बोलणं, ताडपत्र्या, आणि खोटीच्या दराचा तुमचा स्वतःचा मसुदा, ही तीन कामं हंगाम १ जूनला सुरू होण्याआधी मे महिन्यातच उरकून घ्या. हंगामाचा जोर १० सप्टेंबरच्या आसपास असतो, तेव्हा यातल्या कशालाच वेळ मिळत नाही.